नागीण गेली, ठणका राहिला : दुखण्याची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरवर खटला भरावा का?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यातून लिहितेय. बाबांचं वय ७४. दोन वर्षांमागं श्रावणात छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. फोड महिन्याभरात सुकले, ठणका मात्र राहिला. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळ येते, म्हणून इथल्या पावसातही उघडेच बसतात. कुणी आलं की टॉवेल हातात धरतात, अंगावर घेत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी आधी गॅबापेंटिन दिलं. थोडा उतार पडला, पण चक्कर येऊन न्हाणीघरात पडले. मग ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केली. त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. एकादशीला भजनाला गेले, टाळ धरले. दहा महिने असं चाललं. गोळी वाढवून मागितली नाही की कधी लवकर संपली नाही. डबी माझ्याकडं असते.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "ही गोळी आता मी लिहिणार नाही. शेजारच्या मेडिकलवर तपासणी झाली, माझ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून नेलेत. मला दोन लेकरं आहेत." माणूस वाईट नाही, रात्री दोन वाजता घरी आलेला माणूस आहे. पण गोळी एकदम बंद झाली. तीन दिवस बाबांना घाम, जुलाब, अंगात कंप. आम्हाला वाटलं ताप भरतोय.

अमेरिकेत अशा औषधांवरून डॉक्टर तुरुंगात गेलेत असं वाचलं होतं. तेव्हा ती लांबची गोष्ट वाटली होती. आता विचारते, अशी गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरवर खटला भरावा का? भरायचा तर कुणावर आणि कशावरून?

उचगावकर
आमच्या आजीला झाली होती नागीण. गावात एक म्हातारे मंत्र म्हणून गेरू लावायचे. फोड गेले आणि दुखणंही गेलं. त्यामुळं नंतर दुखत राहतं हे मला आजच कळलं. बाबांना लवकर बरं वाटू दे.

निपाणीकर
ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. तरी माझं उत्तर होय असंच आहे. खटला भरावा आणि कडक भरावा.

माझा धाकटा भाऊ तंबाखूच्या वखारीत होता. मुतखड्याची कळ आली म्हणून एका डॉक्टरकडं गेला. त्यानं पेंटाझोसिन या अशाच सवय लागणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. कळ थांबली. आठ दिवसांनी परत, मग दर तीन दिवसांनी, मग रोज. डॉक्टर तपासायचा नाही, आत कंपाउंडर सुई मारायचा आणि पैसे घ्यायचा. दीड वर्षात भावाच्या दोन्ही दंडांचं मांस लाकडासारखं घट्ट झालं, मांडीला जखमा झाल्या. घरातली तांब्याची भांडी विकली गेली. आईनं एक दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या डॉक्टरचे पाय धरले, "देऊ नका हो ह्याला." तो म्हणाला, "मी नाही दिलं तर दुसरा देईल."

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरबाईला तीन रुग्णांच्या मृत्यूंबद्दल खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं, २०१५ मध्ये. पुढच्या वर्षी शिक्षा लागली, ३० वर्षं ते जन्मठेप. ते वाचून मला बरं वाटलं होतं हे खरं सांगतो.

औषधवाला_खडेबाजार
काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो. ट्रॅमाडॉल आणि पेंटाझोसिन दोन्ही शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत येतात. ही यादी २०१४ च्या मार्चपासून लागू आहे. वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१८ च्या एप्रिलात ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आलं. त्या दिवसापासून आमच्या लाइनमधल्या निम्म्या लोकांनी ते ठेवणंच बंद केलं. नफा किरकोळ आणि घोर मोठा.

मी ठेवतो. पण पाच जण चिठ्ठी घेऊन आले तर दोघांकडं बघूनच कळतं की चिठ्ठी झेरॉक्स आहे. त्या दोघांमुळं उरलेल्या तिघांना परत पाठवणारे दुकानदारही आहेत. ताई, तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. तपासणीत रजिस्टरशी चिठ्ठ्या ताडून बघतात, ते नेहमीचं काम आहे. त्यांनी विचारायला हवं होतं की हो.

गडहिंग्लज_कन्या
माहेर गडहिंग्लज, सासर बेळगाव. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. तिथली चिठ्ठी घेऊन बेळगावात चार दुकानं फिरले. एकानं सांगितलं, "महाराष्ट्राची चिठ्ठी इथं चालत नाही." दुसरा म्हणाला, "इथल्या डॉक्टरचा शिक्का आणा." शेवटी नवऱ्यानं कोल्हापुरातूनच महिन्याच्या गोळ्या आणल्या आणि कोगनोळी नाक्यावर बॅग तपासली तेव्हा त्याला घाम फुटला. चिठ्ठी खिशात होती, सोडलं लगेच. पण आजारी आईचं औषध आणताना माणसाला चोरासारखं वाटावं, हे काय आहे?

टिळकवाडी_तिसरं_गेट
चालत नाही कसं? डॉक्टर नोंदणीकृत असला की त्याची चिठ्ठी देशात कुठंही चालायला हवी. सीमाप्रश्न आता गोळ्यांपर्यंत आला म्हणायचा!

भूलतज्ज्ञ
मी ॲनेस्थेशियाचा डॉक्टर, गेली अकरा वर्षं वेदना-उपचाराचं काम करतो. दोन्ही बाजूंना न आवडणारं थोडं सांगतो.

पहिलं निपाणीकरांच्या बाजूचं. कंबरदुखी, गुडघेदुखी यांवर वर्षानुवर्षं अफूजन्य औषधं देऊन फायदा होतो याला चांगला आधार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर अभ्यास झाला. जुनाट कंबरदुखी आणि खुब्या-गुडघ्याच्या संधिवातात ही औषधं साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. तिथं १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, कंपनीनं "सवय लागण्याचा धोका कमी" असं सांगून ते खपवलं, आणि २००७ मध्ये त्याबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. तीन अधिकाऱ्यांनीही कबुली दिली, त्यातला एकही तेव्हा तुरुंगात गेला नाही. डॉक्टर मात्र गेले. ही गोष्ट मला आजही खुपते.

दुसरं ताईंच्या बाजूचं. नागिणीनंतरचा ठणका हे मज्जातंतूचं दुखणं आहे, साधी अंगदुखी नव्हे. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, लिडोकेनचा पॅच हे आधी. ते भागलं नाही किंवा सोसलं नाही तर ट्रॅमाडॉल देतात. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर पायऱ्या चढल्या होत्या. चूक झाली ती उतरताना. दहा महिन्यांची गोळी एका दिवसात तोडायची नसते. घाम, जुलाब, कंप हे शरीर औषधाला सरावल्याचं लक्षण आहे. त्याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनी माणूस औषधामागं घर विकतो, तुमचे बाबा औषध घेऊन भजनाला गेले. अमेरिकेत या औषधांच्या मात्रांबद्दलच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर घाबरलेल्या डॉक्टरांनी असंच हजारो लोकांचं औषध तोडलं. २०१९ मध्ये तिथल्या औषध खात्याला इशारा द्यावा लागला की एकदम तोडल्यानं तीव्र त्रास आणि आत्महत्यासुद्धा होताहेत. २०२२ मध्ये सूचना बदलल्या आणि त्यातले मात्रांचे आकडे कठोर मर्यादा म्हणून वापरू नका असं स्पष्ट लिहिलं.

निपाणीकर
डॉक्टरसाहेब, तुम्ही नीट समजावलंत. पण माझ्या भावाला ज्यानं इंजेक्शनं दिली त्याच्याही भिंतीवर डिग्री होती. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. माझ्यासारख्यानं ओळखायचं कसं?

जुनी_सिस्टर
निपाणीकर, दादा, मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅन्सरच्या वॉर्डात. ओळखायचं कसं ते मी सांगते. जो डॉक्टर दुखणं कुठं, किती, कधी हे विचारतो, बद्धकोष्ठाचं औषध सोबत लिहितो, पुढची तारीख देतो, घरच्यांना बोलावून घेतो, तो उपचार करतो. जो नाव न विचारता सुई मारतो, तो धंदा करतो. वॉर्डबॉयलासुद्धा हा फरक कळायचा.

आणि एक सांगते. १९८५ चा कायदा आला त्यानंतरची वर्षं मी बघितली आहेत. मॉर्फिनच्या एका बाटलीसाठी चार-पाच परवाने लागायचे, वेगवेगळ्या खात्यांचे. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. दवाखान्यांनी नादच सोडला. तोंडाच्या कॅन्सरची माणसं असायची, तंबाखूच्या पट्ट्यातली, निपाणी-चिकोडीकडची. जबडा फुटलेला, बोलता येत नाही, रात्रभर खाटेची कड बोटांनी कुरतडायची. आमच्याकडं देण्यासारखं होतं ते साधं तापाचं औषध. एक आजोबा पाटीवर खडूनं लिहायचे, "सिस्टर, पुरे." मी पाटी पुसायची आणि परत त्यांच्या हातात द्यायची, कारण दुसरं काय देणार. कुणाही डॉक्टरवर खटला झाला नव्हता तेव्हा. नुसती भीती होती, तेवढी पुरली.

उचगावकर
सिस्टर, वाचून काही सुचेना.

भूलतज्ज्ञ
सिस्टर म्हणतात ते खरं आहे. कायदा आल्यावर बाराएक वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. आणि अफू पिकते कुठं? आपल्याच नीमच-मंदसोरला, चित्तोडगडला, सरकारी परवान्यावर. परदेशात जाते, औषध होतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगानं हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच वेदनाशमन मिळत होतं.

हे बदलायला केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांची वीस वर्षं गेली. २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि परवाना एकाच ठिकाणी, राज्याच्या औषध नियंत्रकाकडं आला. मान्यताप्राप्त रुग्णालय आणि प्रशिक्षित डॉक्टर असला की झालं. कर्नाटकाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे गंभीर आजारात वेदना-त्रास कमी करण्याचं, धोरण २०१६ चं, महाराष्ट्राचं २०१२ चं. कागद आहेत. तालुक्याच्या गावात मात्र अजून पॅरासिटामॉलच आहे.

वकील_शहापूर
मूळ प्रश्न खटल्याचा आहे, त्यावर येतो.

अमेरिकेतली दोन प्रकरणं बघा. व्हर्जिनियाचे डॉ. विल्यम हर्विट्झ, जुनाट वेदनेचे रुग्ण बघायचे. त्यांच्या काही रुग्णांनी गोळ्या विकल्या. २००५ मध्ये त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात २००६ मध्ये ती रद्द झाली, कारण डॉक्टर चांगल्या हेतूनं वागला का याचा विचार ज्यूरीला करू दिला नव्हता. परत खटला चालला, काही आरोपांत दोषी ठरले, शिक्षा ५७ महिने. म्हणजे हेतू मोजला तेव्हा पंचवीस वर्षांची पाच वर्षांहून कमी झाली.

दुसरं, अलाबामाचे डॉ. रुआन. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींचं निकालावर एकमत झालं. आपण परवानगीबाहेर लिहितोय हे डॉक्टरला माहीत होतं किंवा तसा त्याचा हेतू होता, हे सरकारनं सिद्ध करावं. नुसतं "इतर डॉक्टर असं लिहीत नाहीत" एवढं पुरेसं नाही.

आता आपलं. एनडीपीएसच्या कलम ८ मध्येच वैद्यकीय वापराला सूट आहे. पण ती कायद्याच्या आणि नियमांच्या चौकटीत. आणि कलम ३५ नेमकं उलटं आहे. आरोपीची दोषी मनःस्थिती न्यायालयानं गृहीत धरायची, आणि ती नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं, तेही संशयाला जागा न ठेवता. २००८ च्या नूर आगा निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं, पण आधी मूळ घटना सरकारी पक्षानं सिद्ध केली पाहिजे असं बजावलं. त्यात 'व्यापारी प्रमाणाचा', म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या मोठ्या साठ्याचा, आरोप लागला की कलम ३७ मुळं जामीन महाकठीण आणि शिक्षा किमान १० वर्षं. निर्दोष सुटला तरी तोवर दवाखान्याला कुलूप लागलेलं असतं. ताईंचे डॉक्टर लेकरांची गोष्ट काढतात ती उगाच नाही.

२००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं निष्काळजीपणाच्या फौजदारीत डॉक्टरला एक ढाल दिली. आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, मग पुढं जा. माझं मत असं की चिठ्ठी लिहिल्यावरून एनडीपीएस लावायचा असेल तिथंही हीच पायरी सक्तीची करावी. आधी वेदना-उपचाराचा जाणकार फाइल बघू दे. निपाणीकरांच्या त्या डॉक्टरकडं दाखवायला फाइलच नसेल.

निपाणीकर
नव्हतीच. एक कागद नव्हता.

टिळकवाडी_तिसरं_गेट
फाइलवरून आठवलं. वडिलांना दाखल केलं तेव्हा संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये होता. आईनं सही केली, काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. औषधाची सवय लागू शकते, हे त्यातच होतं म्हणे. मराठी माणसाला त्याच्या दुखण्याबद्दल मराठीत सांगा, एवढं मागणं सुद्धा जास्त झालं का?

औषधवाला_खडेबाजार
टिळकवाडी, मुद्दा बरोबर आहे, पण भाषेचा वेगळा धागा काढा की. इथं आधीच वीस जण त्यावर भांडून बसलेत. गोळ्यांच्या पाकिटावर मी स्वतः मराठीत लिहून देतो, आणि कन्नड पेशंटला कन्नडमध्ये.

जुनी_सिस्टर
वेगळा धागा नको, हा ह्याच धाग्याचा भाग आहे. "कळ येईल तेव्हा घ्या" आणि "दर आठ तासांनी घ्या" यात माणूस मरतो किंवा जगतो. मी वॉर्डात तोडकंमोडकं कन्नड बोलायची आणि माझ्यासोबतची सिस्टर तोडकंमोडकं मराठी. एकमेकींचे पेशंट आम्ही वाटून घ्यायचो.

उचगावकर
आमच्या आजीनं सगळ्या गोळ्या कुंद्याच्या, म्हणजे मिठाईच्या, डब्यात ठेवल्या होत्या. पाहुणे आले, आईनं डबा पुढं केला, आणि पाहुण्यानं बीपीची गोळी खडीसाखर म्हणून तोंडात टाकली! तेव्हापासून आमच्या घरी औषधं कुलपात. हसण्यावारी गेलं तेव्हा, पण हा धागा वाचून वाटतंय, ट्रॅमाडॉल असतं तर?

भूलतज्ज्ञ
उचगावकर, अगदी हेच. कुलूप लावा, लहान मुलांपासून लांब ठेवा, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. आणि पन्नाशीनंतर नागिणीची लस मिळते, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून. महाग आहे, पण ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांना विचारावं. हा ठणका एकदा बसला की उठवणं अवघड.

गडहिंग्लज_कन्या
वकीलसाहेब, नाक्यावर पकडलं असतं तर? आमच्याकडं १२० गोळ्या होत्या.

वकील_शहापूर
एनडीपीएसच्या नियमांतला नियम ६६ बघा. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचार असेल आणि डॉक्टरनं चिठ्ठीत तसं खास लिहिलं असेल तर १०० च्या वर, ३०० पर्यंत. तुमच्या चिठ्ठीत "दीर्घकालीन उपचार" आणि एकूण गोळ्या असं लिहिलेलं हवं होतं. नसेल तर १०० च्या आत आणा. ट्रॅमाडॉलचं 'अल्प प्रमाण', म्हणजे ज्याच्या वर शिक्षा वाढते ती हद्द, ५ ग्रॅम आहे. ५० मिलिग्रॅमच्या शंभर गोळ्यांत तेवढं नुसतं औषधच भरतं, आणि २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर वजन धरताना गोळीतला बाकीचा भागही मोजतात. म्हणून त्या दोन शब्दांना फार किंमत आहे. हे शब्द पेशंटला वाचवतात आणि डॉक्टरलाही.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

भूलतज्ज्ञांचं वाचून बाबांना हुबळीच्या एका वेदना-उपचार विभागात नेलं. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या वहीत चिकटवून नेल्या. तिथल्या बाईंनी पाऊण तास घेतला. कापूस फिरवून कुठं कळ येते ते पेनानं छातीवर आखून बघितलं. रात्री अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा, पॅच, आणि ट्रॅमाडॉल पूर्वीएवढंच. चिठ्ठीवर "नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना, दीर्घकालीन उपचार" असं आणि दर महिन्याच्या गोळ्यांचा आकडा लिहिला. मी मागायच्या आधीच.

तो कागद आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "तज्ज्ञाचा कागद पाठीशी आहे, आता महिन्याच्या महिन्याला मी लिहितो. तीन महिन्यांनी तिकडं दाखवून या." मग बाबांचा हात धरून म्हणाले, "मी तेव्हा एकदम तोडायला नको होतं." बाबांनी त्यांनाच समजावलं.

माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर मला मिळालंय. खटला भरावा, पण फाइल उघडून, आणि उघडणारा माणूस दुखणं जाणणारा असावा. निपाणीकर दादा, तुमच्या आईंचं वाचून मी दोन रात्री झोपले नाही. भाऊ कसे आहेत आता?

बाबा कालपासून गंजी घालताहेत. सदरा अजून नाही.

निपाणीकर
गंजी घातली, छान झालं. भाऊ वखारीत परत जातो, हलकं काम देतात. डावा हात वर जात नाही. व्यसनमुक्तीला स्वतःहून गेला होता, त्याची कागदं जपून ठेवलीत. एनडीपीएसच्या कलम ६४ए खाली उपचार घेणाऱ्याला संरक्षण आहे असं वकीलसाहेबांनी निरोपात सांगितलं, म्हणून आता तो साक्ष द्यायला तयार झालाय. तो दवाखाना अजून सुरू आहे. सोमवारी मेडिकल कौन्सिलसाठी अर्ज लिहायला बसतोय. सिस्टर, तुम्ही सांगितलेल्या खुणा त्यात एकेक करून लिहिणार आहे. कन्नडमध्ये करून द्यायला कुणी आहे का?

औषधवाला_खडेबाजार
मी देतो करून. रविवारी दुकान दुपारी दोनला बंद होतं, त्यानंतर या.